फेट्याला पैसे आहेत, ग्लोव्हजला नाहीत

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते, तिसरं वर्ष आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडं तीन दिवसांची इंटरनॅशनल कॉन्फरन्स झाली. माझे गाईडच कन्व्हेनर होते, त्यामुळं लॅबची सगळी पोरं दोन महिने त्यातच होतो. रोज ३०० जणांचं जेवण सांगितलं होतं, ताट ४५० रुपये, आणि तिसऱ्या दिवशी जेवायला ११० माणसं होती. दुपारी साडेतीनला उरलेला भात आणि रस्सा ड्रममध्ये ओतताना मी तिथंच उभी होते. उद्घाटनाला स्टेजवर २२ जणांना फेटे बांधले, त्यात पाऊण तास गेला आणि पहिल्या स्पीकरांना ४० मिनिटांचं लेक्चर २० मिनिटांत आवरायला लावलं. ४०० बॅगा केल्या, त्यातल्या १६० स्टोअरमध्ये पडल्यात, वर तारीख छापलीय. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्हाळ्याला बसेस नेल्या तेव्हा हॉल रिकामा झाला आणि पोस्टर सेशन नेमकं तेव्हाच होतं, जिन्याखाली. गडहिंग्लजकडची एक मुलगी अडीच हजार फी भरून पोस्टर घेऊन आली होती, तिच्यासमोर दोन तासांत मी सोडून कुणी थांबलं नाही. आणि आमच्या लॅबमध्ये दोन महिने ग्लोव्हज नाहीत, माझी फेलोशिप चार महिने आली नाही. पुढच्या वर्षी परत कॉन्फरन्स आहे आणि मला खजिनदारांच्या हाताखाली घेतलंय. मी बोलू का गप्प बसू? थीसिस सरांच्या हातात आहे. नाव छापू नका."

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन हातात घेऊन, कारण त्यात आकडे होते. मला येणाऱ्या बऱ्याच पत्रांत राग असतो नुसता. राग तुझ्याही पत्रात आहे पण त्याच्याआधी तू मोजलंयस, किती ताटं सांगितली, किती माणसं जेवली, किती बॅगा उरल्या. मी ३१ वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या अकाउंट्समध्ये काढली, कॉन्फरन्सची बिलं माझ्याच टेबलावरनं जायची, आणि एवढं मोजणारं माणूस मला त्या ३१ वर्षांत दोनतीनदाच भेटलं असेल. म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो. गप्प बसू नकोस. पण कुणाशी, कधी आणि कुठल्या गोष्टीबद्दल बोलायचं ते ठरवून बोल, नाहीतर बोललेलं वाया जातं आणि उलट तुझ्याच अंगावर येतं.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पाहुणचाराला मी उधळपट्टी म्हणत नाही. कुणी गुवाहाटीवरनं दोन दिवस प्रवास करून आपल्या गावात आला तर त्याला गरम जेवण, स्वच्छ खोली आणि तांबडा-पांढरा मिळायलाच पाहिजे, त्यात कंजूषपणा केला तर कोल्हापूरचं नाव जाईल आणि मलाच वाईट वाटेल. तू सरांशी बोलशील तेव्हा हे आधी बोल, आणि मनापासून बोल, कारण ते खरंच आहे. खुपतंय ते जेवण नाही, खुपतंय ते कुणाच्याच पोटात न गेलेलं जेवण. १९० ताटं गुणिले ४५० म्हणजे ८५,५०० रुपये, एका दुपारचे. तुझी सीनियर फेलोशिप ४२,००० ची असेल, जानेवारी २०२३ पासून तोच दर आहे, म्हणजे तुझ्या दोन महिन्यांच्या फेलोशिपपेक्षा जास्त रक्कम त्या ड्रममध्ये गेली. मी हा हिशेब केला आणि थोडा वेळ कागद बाजूला ठेवून दिला.

पण हीच तुलना तू मीटिंगमध्ये केलीस तर एका वाक्यात हरशील. कसं ते सांगतो. कॉन्फरन्ससाठी आलेलं अनुदान कॉन्फरन्सच्याच हेडला, म्हणजे खर्चाच्या खात्याला पडतं, त्यातनं ग्लोव्हज घेता येत नाहीत, फेलोशिप तर अजिबात देता येत नाही, ती वेगळ्या ठिकाणाहून वेगळ्या कागदावर येते. तू म्हणालीस "फेट्याला पैसे आहेत आणि ग्लोव्हजला नाहीत" की खजिनदार शांतपणे म्हणणार, "मॅडम, हेड वेगळं आहे," आणि सगळे माना हलवणार आणि तुझा विषय तिथंच संपणार. त्यांचं म्हणणं नियमानं बरोबरच असेल. म्हणून ग्लोव्हजचा अर्ज वेगळा दे, फेलोशिपसाठी वेगळं पत्र दे, दोन्ही लेखी, दोन्हीची पोच घे. आणि कॉन्फरन्सबद्दल बोलताना फक्त कॉन्फरन्सबद्दल बोल, की हाच पैसा, ह्याच हेडमध्ये, ह्याच तीन दिवसांत, अजून चांगला कुठं गेला असता. ह्या प्रश्नाला हेड वेगळं आहे असं उत्तर देता येत नाही. आणि एक, अनुदान सोडून संस्थेनं स्वतःच्या खिशातनं किती घातले आणि रजिस्ट्रेशन फीचे किती जमले तेही विचारून घे, कारण त्या पैशाला एवढी बंधनं नसतात.

आता हे असं का होतं ते मला दिसलं तसं सांगतो, कारण तुझे सर वाईट माणूस आहेत असं धरून तू गेलीस तर पहिल्याच वाक्यात चुकशील. आपल्याकडच्या निम्म्या कॉन्फरन्स फेब्रुवारी-मार्चमध्ये का येतात, तर ३१ मार्चच्या आत पैसे खर्च दाखवायचे असतात, उरले तर परत जातात, म्हणून शेवटच्या महिन्यात जे पटकन घेता येतं ते घेतलं जातं, बॅग, मोमेंटो, फ्लेक्स, जास्तीची ताटं. मग त्या इंटरनॅशनल शब्दाचं बघ. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमात प्राध्यापकांना पेपर वाचल्याचे गुण ठरलेत, नॅशनलला ३ आणि देशातल्या इंटरनॅशनलला ५, तेव्हा परदेशातले दोन पाहुणे आले की बोर्डावर इंटरनॅशनल लागतं, आणि एकदा ते लागलं की हॉटेल त्या तोलाचं हवं, स्टेज त्या तोलाचं हवं, जेवणात चायनीज काउंटर हवा. त्यात कन्व्हेनरला भीती असते, कमी पडलं तर? एका पाहुण्याला जेवण कमी पडलं तर वर्षभर बोलणं ऐकावं लागतं आणि १९० ताटं वाया गेली तर कुणी विचारत नाही. सर त्या भीतीपोटी ३०० सांगतात. तू त्यांची भीती कमी केलीस तर आकडा आपोआप खाली येईल.

ती कशी कमी करायची ते ह्या पूर्ण पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. केटरर गॅरंटीवर पैसे घेतो, म्हणजे तू ३०० ताटांचा शब्द दिलास की ११० जेवले तरी बिल ३०० चंच येतं. पण गॅरंटी तीन दिवसांची एकच दिली पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. पहिला दिवस २८०, दुसरा २२०, तिसरा १३०, अशी वेगवेगळी द्यायची आणि करारातच घालायचं की आदल्या संध्याकाळी पाच वाजता शेवटचा आकडा कळवू, त्यात दहा टक्के वरखाली चालेल. चांगला केटरर हे मान्य करतो, लग्नाच्या घरी करतोच की. आता आदल्या दिवशी आकडा कळणार कसा? रजिस्ट्रेशन टेबलावर एक रजिस्टर ठेवायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, परवा दुपारी जेवायला आहात का, परत कधी निघणार. तिसऱ्या दिवशी माणसं का नसतात, तर कुणाची रेल्वे असते, कुणाचं उजळाईवाडीवरनं विमान, कुणी ज्योतिबाला जायचं म्हणून सकाळीच निघतं. हे त्यांना आधीपासून माहीत असतं, आपण विचारत नाही एवढंच. आणि पदार्थ कमी करा. दोन भाज्या, भाकरी, रस्सा, भात, एक गोड, एवढ्यावर कोल्हापुरात कुणी नाव ठेवणार नाही. ११ पदार्थ मांडले की प्रत्येकाचं एकएक पातेलं उरतं. तरीही काही उरलंच तर ते साडेतीनला ड्रममध्ये जाण्याआधी अडीचला कुठं जाणार हे आदल्या आठवड्यात ठरलेलं पाहिजे, वसतिगृह असेल, वृद्धाश्रम असेल, फोन नंबर केटररच्या माणसाकडं पाहिजे. उरल्यावर फोनाफोनी सुरू केली की तोवर रस्सा आंबतो.

पाण्याच्या त्या छोट्या बाटल्यांबद्दल तू लिहिलं नाहीस पण त्या असणारच. दोन घोट पिऊन खुर्चीखाली ठेवलेल्या. जार आणि स्टीलचे ग्लास ठेवा, धुवायला दोन बायका लावा, त्यांनाही तीन दिवसांचं काम मिळेल. स्टेजवर थर्माकोलची अक्षरं असतील तर ती बेकायदेशीर आहेत हे सरांच्या कानावर घाल, १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनच्या खालचे पीव्हीसी बॅनर देशभर बंद आहेत. पर्यावरणावर एखादं सेशन असेल आणि मागं असलं बॅनर असेल तर मला तरी बघवत नाही.

बॅगांचं माझ्याकडं एक उदाहरण आहे. आमच्या संस्थेचं स्टोअर तळमजल्यावर होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं, चार दिवस राहिलं, आणि पाणी उतरल्यावर आम्ही स्टोअर उघडलं. आत कॉन्फरन्सच्या बॅगा आणि फोल्डर होते, सात-आठ वर्षांचे, वर्षावार गठ्ठे बांधून नीट ठेवलेले, प्रत्येकावर तारीख. चिखलानं फुगून एकमेकांना चिकटलेले. ते सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं आणि एक ट्रॉली पुरली नाही. मी दाराशी उभा होतो आणि प्रत्येक गठ्ठ्याचं बिल मला आठवत होतं, कारण प्रत्येकावर सही माझी होती. तोपर्यंत मी कधी कुणाला विचारलं नव्हतं की गेल्या वेळच्या किती उरल्या. बिल बरोबर आहे ना, कोटेशन तीन आहेत ना, एवढंच बघत होतो. म्हणून तुला सांगतो, ऑर्डर देण्याआधी स्टोअरची किल्ली माग. त्या १६० बॅगा मोज, तारखेवर कापडाची पट्टी शिवून घेता येते का बघ, आपल्या गावात शिवणारे कमी नाहीत. आणि नवीन बॅग काढायचीच झाली तर तिच्यावर फक्त संस्थेचं नाव, वर्ष नको. बॅगच नको म्हणता आलं तर अजून चांगलं, साधी कागदी फाईल आणि एक पेन पुरतं.

मोमेंटोचंही तेच. काचेचा चौकोनी तुकडा घेऊन माणूस विमानात बसतो आणि घरी गेल्यावर तो कपाटावर जातो. आपल्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, किलोभराची ढेप कापडी पिशवीत द्या, घरी जाऊन लोक खातील आणि कोल्हापूरची आठवण काढतील.

फेट्यांचा मी वेगळा हिशेब केला. पाऊण तास गुणिले ३०० माणसं म्हणजे २२५ तास. एवढा वेळ हॉलमधल्या लोकांनी दुसऱ्यांच्या डोक्याला फेटे बांधताना बघण्यात घालवला, आणि ज्यांना ऐकायला ते आले होते त्या माणसाचं लेक्चर निम्मं कापलं. फेटा आपल्या मानाचा आहे, तो असू दे, पण प्रमुख पाहुण्यांना, दोघा-तिघांना, आणि चहाच्या वेळी बाहेर बांधून घ्यायचे. २२ जणांना बांधला की मान कुणाचाच राहत नाही. पहिलं लेक्चर नऊ वाजता सुरू, उद्घाटन नंतर, असं एकदा करून बघा म्हणून सरांना सांग. लेक्चर संपल्यावर हॉल भरलेला असतो तेव्हा दीप लावला तर काय बिघडतं?

आणि आता ती गडहिंग्लजची मुलगी.

बाळ, तुझ्या पत्रातलं हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. ड्रममधल्या रस्श्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे असं मला वाटतं. अडीच हजार रुपये तिनं कुठनं आणले असतील, पोस्टर छापायचे वेगळे, एसटीचे वेगळे, मुक्काम कुठं केला असेल, आणि दोन तास जिन्याखाली उभी राहिली. कॉन्फरन्स असते कशासाठी? जिच्या कामाकडं बघून कुणीतरी म्हणावं की हे असं करून बघ, हे चुकलंय, हे भारी आहे, तिच्यासाठी असते. खर्च मात्र सगळा स्टेजवरच्या लोकांवर झाला जे आधीच एकमेकांना ओळखतात. तेव्हा पुढच्या वेळी तुला एकच गोष्ट मागायची मुभा मिळाली तर ही माग: पोस्टर सेशन हॉलच्या आत, सकाळी, त्या वेळी दुसरं काहीही नाही, पन्हाळ्याची बसही नाही, आणि बोलावलेल्या प्रत्येक पाहुण्यानं पाच पोस्टरसमोर थांबायचं, त्यांच्या आमंत्रणपत्रातच ते लिहायचं. ह्याला एक रुपया लागत नाही. पन्हाळा शेवटच्या दिवशी संध्याकाळी, ज्याला जायचं त्यानं आपल्या खर्चानं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. पोरं सही मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. एका पोस्टकार्डाच्या खर्चात पोराला शास्त्रज्ञ भेटायचा. तुमच्याकडं जे मोठे पाहुणे येतील त्यांचा एक तास असा मागून घ्या, स्टेज नाही, हार नाही, फक्त विद्यार्थी आणि प्रश्न.

राहायचंही बघ. बाहेरगावच्या पोरांना लॉजवर कशाला पाठवायचं? हे वसतिगृहांचं गाव आहे, शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीच्या पोरांसाठी एकामागनं एक बोर्डिंग उभी राहिली, गावाकडची पोरं शिकायला आली ती त्या खोल्यांमुळं. संस्थेच्या होस्टेलमध्ये सुट्टीत खोल्या रिकाम्या असतील तर विद्यार्थ्यांना तिथं फुकट द्या. आणि कॉन्फरन्सच्या हेडमधनं जे वाचेल ते विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला आणि फी माफीला लावा, अनुदानाच्या मंजुरीपत्रात बसतं का ते आधी वाच, बरेचदा बसतं.

सरांशी कसं बोलायचं. मीटिंगमध्ये नको, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबातच नको, डायरेक्टरांच्या समोर नको. एकट्यांना गाठ, सकाळी, त्यांचा चहा झालेला असताना, हातात दोन पानांचा तक्ता घेऊन जा. पहिलं पान गेल्या वेळचं, सांगितलं किती, वापरलं किती, उरलं किती, दर आणि रक्कम. विशेषणं नकोत, वायफळ, लाजिरवाणं असले शब्द नकोत. दुसरं पान पुढच्या वेळचं, ह्या ह्या गोष्टी अशा केल्या तर एवढे वाचतील आणि ते ह्या ठिकाणी वापरता येतील, आणि शेवटी "जेवणाची मोजदाद मी करीन" असं स्वतःच्या नावावर एक काम घे. सुरुवातीला जे चांगलं झालं तेही सांग, काहीतरी झालंच असेल. सर प्रयोग करणारे माणूस आहेत, आकडे समोर आले की ते आकड्यांकडं बघतील, तुझ्या तोंडाकडं नाही. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, तक्ता त्यांच्याकडं ठेवून ये. महिन्याभरानं तेच म्हणतील, ते जेवणाचं काय म्हणत होतीस.

एक जण तुला नक्की म्हणणार, आपला कुठं पैसा आहे, स्पॉन्सरचा आहे. ऐकून घे पण मानू नकोस. जो केमिकलवाला स्टॉल घेतो आणि डिनर देतो तोच वर्षभर कोटेशन देत असतो, आणि मी दोन्ही फायली शेजारी ठेवून बघितल्यात.

आता शेवटचं आणि इथं मात्र मी कडक बोलतो. तू खजिनदारांच्या हाताखाली आहेस म्हणजे तुझ्यापुढं कागद येतील सहीसाठी. जे तू स्वतः मोजलं नाहीस त्यावर सही करायची नाही. ४०० बॅगा मिळाल्या असं लिहिलं असेल तर ४०० मोज आणि मग कर. हजेरी ११० असेल तर ११० लिही, कुणी म्हणालं ३०० कर तर नम्रपणे सांग, सर, मी मोजलेला आकडा लिहिते, तुम्हाला बदलायचा तर तुमच्या सहीनं बदला. केंद्राच्या पैशाला जनरल फायनान्शिअल रूल्स, २०१७ लागतात. त्यातला नियम २१ मी नोकरीत टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्याचा अर्थ एवढाच की शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जेवढी काळजी घेतो तेवढीच सरकारी पैसा खर्चताना घ्यायची. शेवटी युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा कशाला वापरला त्याचा दाखला जातो, ह्याच रूल्सच्या जीएफआर १२-ए फॉर्मवर, त्यावर सही मोठ्यांची असते पण खालच्या कागदांवर तुझी असेल. ते कागद तुझी पीएचडी झाल्यावरही राहतात. खोटं बिल दिसलं तर मात्र ते सरांशी चहावर बोलायचं प्रकरण नाही, तेव्हा कागदाचा फोटो काढून ठेव, सही थांबव आणि आधी मला लिही.

थीसिसची काळजी मला कळते. म्हणूनच वरचं सगळं असं लिहिलंय की तू कुणावर आरोप करत नाहीस, तू हिशेब मांडतेस, आणि तो तर आता तुझ्याकडं सोपवलेलं कामच आहे.

पहिली मीटिंग कधी आहे ते कळव. तक्ता त्याच्याआधी आठवडाभर मला पाठव, बेरजा मी तपासून देतो. आणि त्या गडहिंग्लजच्या मुलीचा नंबर असला तर तिला फोन कर, तिच्या पोस्टरमध्ये तुला काय आवडलं होतं ते सांग.